सहा फोटोंसाठी चाळीस ताटं

सोलापूरला चाललेय म्हटल्यावर घरातून एकच प्रश्न आला: चादरी आणणार ना? सासूबाईंनी लगोलग रंगही सांगून ठेवला. मी फोटो काढायला चाललेय, आणि तेही भाकरीचे, हे तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "भाकरीसाठी अडीचशे किलोमीटर? आपल्या घरात काय भाकरी होत नाही?" होते. पण आपल्या घरातली भाकरी संध्याकाळपर्यंत चिवट होते, आणि मी जिच्यासाठी निघाले होते ती म्हणे दोन-दोन महिने टिकते आणि पापडासारखी कडकन मोडते.

ब्लॉगवर नव्याने आलेल्यांसाठी सांगते. घरी पदार्थ करून विकणाऱ्या बायकांसाठी मी फोटो काढते. मसाले, लोणची, फराळ, डबे. मोठ्या हॉटेलांची कामं मी घेत नाही, म्हणजे खरं सांगायचं तर ती मला कुणी देत नाही. ट्यूबलाइटखाली मोबाइलवर काढलेली चकली कुणी विकत घेत नाही, तीच चकली खिडकीपाशी नेऊन ठेवली की ऑर्डर येते, या एका गोष्टीवर माझं गेली नऊ वर्षं बरं चाललंय. त्यामुळे या कामात आपल्याला कुणी काही शिकवायचं राहिलेलं नाही, असं मला मनातून वाटायचं. चारचौघांत मी तसं म्हणत नसे एवढंच.

जानेवारीच्या शेवटी सविताचा फोन आला. आवाज तरुण, जरा घाईतला. "ताई, मी सोलापूरहून बोलतीय. आमी घरी कडक भाकरी आन शेंगाची चटणी करतो. सहा बायका हायत कामाला. पुण्याच्या एका दुकानानं सहा फोटो मागितलेत. त्यांची चार दुकानं हायत. फोटो पसंत पडले तर तीन म्हैने माल ठेवून बघतो म्हणले."

"कधीपर्यंत हवेत?"

"पुढच्या सोमवारी सकाळपत्तूर. नायतर दुसऱ्या कुणाचा माल घेणार." मग जरा थांबून म्हणाली, "आमचे हे चाकणला गोडाऊनला हायत, ताई. ही ऑर्डर मिळाली तर काम सोडून घरी येतो म्हणलेत. पॅकिंग, पाठवणी तेच बघतील. पोरगी तीन वर्षाची हाय. म्हैन्यातनं एकदा बाप दिसतो तिला."

असं कुणी सांगितल्यावर माझ्यासारखी बाई दर सांगायचं विसरते. मी शुक्रवारी निघते म्हणाले.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला हडपसर सोडलं. रस्त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, चार पदरी सरळसोट रस्ता, आपली कार असेल तर साडेचार तासांत सोलापूर. पेट्रोल आणि टोल धरून जाऊन-येऊन साडेचार हजारांच्या आसपास खर्च होतो. ट्रेनने गेलात तर फारच स्वस्तात पोचाल, पण माझ्यासोबत फोटोखाली ठेवायचे सात रंगीत फळकुटाचे बोर्ड, तीन पेट्या भांडी आणि दोन स्टँड असतात, त्यामुळे ट्रेनमध्ये मला सगळे शिव्या घालतात.

मोडनिंबच्या अलीकडे रस्त्याकडेला हुरडा दिसला म्हणून थांबले. निखारे गरम, कणसं कोवळी, वर शेंगाची चटणी आणि दही. शंभर रुपयांत पोटभर. हुरडा भाजणाऱ्या मामांना कॅमेरा दिसला तसे ते म्हणाले, "काढा की फोटू. पण आदी खावा. थंड हुरडा म्हंजी नुसता भुगा." मी आधी फोटो काढला. नऊ वर्षांची सवय आहे ती. हुरडा थंड झाला आणि मामांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

सोलापुरात सात रस्त्याजवळ लॉज घेतला. बाराशे रुपये, गरम पाणी सकाळी सहा ते आठ. दुपारी शहरातलं एक छोटं काम होतं, राजमणीकाकूंकडे. त्यांचं घर विणकरांच्या वस्तीत आहे, आजूबाजूला मागांचा खटखटाट सतत चालू. घरात तेलुगू, दारात मराठी. काकू सकिनालू करून विकतात. तांदळाचं पीठ, तीळ, ओवा यांचं ओलसर पीठ चिमटीत धरून तीन वेढ्यांची कडी घालायची, साच्याबिच्याविना, नुसत्या बोटांनी. जमिनीवर धुतलेली सुती चादर पसरून त्या उकिडव्या बसल्या आणि बोलता बोलता कडी घालत मागे सरकत गेल्या. दहा मिनिटांत अख्खी चादर भरली. एकही कडं दुसऱ्याला चिकटलेलं नाही, एकही लहान-मोठं नाही. मी कॅमेरा हातात धरून नुसती बघत राहिले.

"पट्टी लावून घालता का?" मी म्हणाले.

"पट्टी कशाला, अम्मा? अंगठा आहे की," काकू हसल्या.

मग मी माझं नेहमीचं केलं. तळलेली कडी काळ्या बोर्डवर रचली, दोन मोडली, वरून मूठभर तीळ उधळले. आमच्या धंद्यात हे लागतं. पदार्थाच्या आसपास थोडं सांडलेलं असलं की घर जिवंत वाटतं, असं सगळे सांगतात. फोटो झकास आले. निघताना काकूंनी अर्धा किलो सकिनालू बांधून दिल्या, त्या परतीच्या वाटेवर मोहोळपर्यंत पुरल्या.

शनिवारी सकाळी अक्कलकोट रोडला लागले. वळसंग मागे टाकून चार किलोमीटर आत वळायचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. दोन्हीकडे ज्वारी काढून झालेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या. रस्ता विचारायला चहाच्या टपरीवर थांबले तर दोन म्हातारे बाकावर बसून बोलत होते. एकाने विचारलं, "नाळे बर्तीयेन?" दुसऱ्याने बिडी विझवत उत्तर दिलं, "उद्या न्हाय. परवा येतो की." एकाचं कानडी, दुसऱ्याचं मराठी, आणि दोघांपैकी कुणालाही त्यात वेगळं काही वाटलं नाही. मला मात्र हसू आवरेना.

सविताचं घर निळ्या रंगाचं. पुढे अंगण, अंगणात पत्र्याची शेड, शेडमध्ये तीन चुली. मी आत पाऊल टाकलं आणि थबकले. सहा बायका ओळीने बसून भाकऱ्या थापत होत्या आणि त्या थापांचा जो आवाज होता, तो कान बधिर करणारा नव्हता, उलट ऐकत राहावासा वाटणारा होता. काटवटीवर भाकरी फिरते, वाढते, जेवणाच्या ताटाएवढी होते, इतकी पातळ की खालचं लाकूड दिसेल असं वाटतं. मग ती दोन तळव्यांवर उचलून तव्यावर टाकायची. तव्यावरून निघाली की निखाऱ्यांभोवती उभी करून ठेवायची, हळूहळू कडक होईपर्यंत. चुलीभोवती अशा तीस-चाळीस भाकऱ्या गोल करून उभ्या होत्या.

मधोमध सविताची सासू बसली होती. सगळे तिला अव्वा म्हणतात, मीही म्हणू लागले; सविता मात्र अत्ती म्हणते, म्हणजे कानडीत सासूबाई. सत्तरीची, अंगाने काटकुळी, गळ्यात चांदीच्या लहानशा डबीत लिंग. ती स्वतः थापत नव्हती, मनगट दुखतं म्हणून आता बंद केलंय. डोळे मिटून बसली होती. मला वाटलं डुलकी लागली असावी. एवढ्यात ती म्हणाली, "रेणुका, काठ जाड राहिला बग." आणि खरंच, टोकाला बसलेल्या रेणुकाच्या भाकरीचा एक काठ जाड होता.

"अव्वाला कसं कळलं?" मी सविताला विचारलं.

"थाप ऐकून," ती म्हणाली. "जाड असली की आवाज बसका येतोय. अत्तीला सगळ्यांच्या थापा येगयेगळ्या कळत्यात."

मी पुढचा अर्धा तास डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न केला. मला सगळ्या थापा एकसारख्याच ऐकू आल्या. अव्वाने त्या अर्ध्या तासात चार वेळा टोकलं आणि चारही वेळा ती बरोबर होती. 

मग चटणी. भाजलेल्या शेंगदाण्यांत लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून लोखंडी उखळात कुटायची, तेल सुटेपर्यंत. मिक्सर घरात आहे, तो नातीच्या दुधासाठी आहे असं अव्वाने सांगितलं. चिमूट उचलून माझ्या तळहातावर ठेवली तर हातावर तेलाचा ठसा उमटला. तिखट आधी जिभेला लागलं, मग कानाला. मी पाणी मागितलं तशा सहाही जणी हसल्या.

इथवर सगळं छान चाललं होतं. आता माझा प्रताप.

अंगणात उजेड सुरेख होता. मी राखाडी बोर्ड मांडला, पाच भाकऱ्यांची चळत ठेवली, सहावी मोडून तिचे तुकडे भोवती पसरले. कांद्यावर दव पडल्यासारखं दिसावं म्हणून ग्लिसरीनचं पाणी फवारलं. भाकरी चकाकावी म्हणून ब्रशने तेल लावलं. आणि मग ती चटणी, जी दोन बायकांनी पाऊण तास कुटली होती, मूठभर घेऊन बोर्डवर उधळली. थोडी बोर्डबाहेर मातीत पडली. मी गुडघ्यावर बसून फोटो घेऊ लागले. मागे थापा थांबल्या आहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही.

अव्वा उठून आली. माझ्यासमोर खाली बसली, बोट जिभेवर ओलं केलं आणि मातीजवळचा चटणीचा एकेक कण टिपून तोंडात घालू लागली. मला वाटलं म्हातारीला गंमत वाटतेय. मी म्हणाले, "अव्वा, राहू दे हो, फेकायचंय ते सगळं. त्यावर औषध मारलंय, खाऊ नका."

तिचं बोट थांबलं. "ह्ये कोन खानार?"

"कुणी नाही. फोटोपुरतं आहे."

"ह्या भाकरी?"

"त्यांना तेल लावलंय ना, कच्चं..."

अव्वा सविताकडे वळून कानडीत दोन वाक्यं बोलली आणि आत निघून गेली. मला त्यातला एकच शब्द कळला, ब्याड. नको. सविताच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "अत्ती म्हणती फोटो नको. ऑर्डर नको. ताटातलं सांडून इकायचं न्हाय म्हणती."

माझं डोकं तापलं. लपवून काय उपयोग, तापलंच. अडीचशे किलोमीटर गाडी हाकून आलेय, एक मूठ चटणीसाठी हा तमाशा? मी बोर्ड उचलायला लागले. सविता उंबऱ्यावर जाऊन बसली. तिची पोरगी, गौरी, तिच्या मांडीवर येऊन बसली आणि आईच्या फोनवर बापाचा फोटो शोधू लागली. तिला तो बरोबर सापडतो. ते बघून माझा राग कुठे गेला कोण जाणे, नुसतं कसंतरी वाटायला लागलं.

"जेवून जा तरी," सविता म्हणाली. "उपाशी गेलात तर अत्ती मलाच बोलंल."

आम्ही सगळ्या ओळीने जेवायला बसलो. शेंगाची आमटी, कडक भाकरी, दही, चटणी, कांदा. आमटीत भाकरी चुरून ती भिजली की जी चव येते, तिच्यासाठी तरी एकदा या बाजूला याच. मी आधाशासारखी खाल्ली, पण भाकरी जास्त घेतली होती. चतकोर उरला, थोडी आमटी उरली. मी हात आवरून बसले. बाकी सगळ्यांची ताटं रिकामी झाली होती आणि कुणीच उठत नव्हतं. कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. रेणुका पदराशी चाळा करत होती. मिनिट गेलं, दोन गेली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की या माझ्यासाठी थांबल्या आहेत. मी उरलेलं सगळं खाल्लं. पोट तट्ट झालं.

तेव्हा अव्वाने आपल्या ताटात पाणी ओतलं, बोटाने ताट फिरवून धुतलं, आणि ते पाणी पिऊन टाकलं. मग सविताने. मग एकेक करत सगळ्यांनी. ताटं अशी लख्ख झाली की कोण जेवलं हे सांगता आलं नसतं. मी आयुष्यात एवढी ताटं बघितली, मांडली, सजवली, पण हे पहिल्यांदाच बघत होते.  मीही पाणी ओतलं आणि प्यायले. त्या पाण्याला दह्याची आणि मिठाची किंचित चव होती.

अव्वा पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलली. "अन्न म्हंजी परसाद हाय. तू काय वाईट हायस असं न्हाय. तुला कुणी सांगितलं न्हाय, एवडंच."

मी माफी मागितली. मनापासून मागितली, आणि लगेच माझ्यातली धंदेवाली बाई जागी झाली, तिला काही इलाज नाही. "अव्वा, जे ताट खाल्लं जाणार आहे तेवढ्याचेच फोटो काढले तर? मी हातसुद्धा लावणार नाही."

अव्वा म्हणाली, "वाढलेलं काढ. पण जेवणाऱ्यानं ताटावर थांबायचं न्हाय. भुकेल्याला थांबवायचं न्हाय."

आता आली का पंचाईत. एका चांगल्या फोटोसाठी मला वीस-वीस वेळा ताट हलवावं लागतं. इथे ताट वाढलं की माणूस जेवणार, म्हणजे मला एका ताटामागे एकच संधी. घरात माणसं तीन. रविवारी दुपारच्या जेवणाला तीन ताटं, त्यात सहा फोटो कसे बसवायचे? मी सविताला हळूच म्हणाले, "जमेलसं वाटत नाही गं." अव्वाचे कान तुम्हाला सांगितलेच आहेत.

रविवारी सकाळी नऊला मी पोचले तर अंगण शेणाने सारवलेलं आणि मोठ्या पातेल्यात हुग्गी शिजत होती. हुग्गी म्हणजे इकडची गव्हाची खीर, गूळ घालून केलेली. सहाही बायका सुट्टीच्या दिवशी आलेल्या, सोबत नवरे, पोरं, सासवा. गल्लीतली माणसंही लोटलेली. मी विचारलं, "आज काय आहे?"

"काय न्हाय," अव्वा म्हणाली. "तुला ताटं पायजेत न्हवं का? मग मानसं जेवू देत की."

तिने काल मी गेल्या गेल्या स्वतः फिरून चाळीस माणसांना जेवायला सांगितलं होतं. एकही घास वाया जाणार नव्हता आणि मला चाळीस ताटं मिळणार होती. नऊ वर्षांत माझ्यासाठी कुणी असं काही केलेलं नाही. मी सविताकडे बघितलं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते लपवत नव्हती.

पंगत बसली. वाढताना एक क्रम असतो, मीठ आधी, मग चटणी, कांदा, मग भाकरी, आमटी, शेवटी हुग्गी. आणि पहिला घास घेण्याआधी बरेच जण गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून डोळे मिटतात. पाच सेकंद, फार तर दहा. भरलेलं ताट, वाफ निघणारी आमटी, आणि त्यामागे शांत बसलेलं माणूस. मला तेवढाच वेळ होता. कॅमेऱ्याचा आवाज मी बंद करून ठेवला. फवारा नाही, ब्रश नाही, बोर्ड गाडीतच. पाच सेकंदांत जे दिसेल ते घ्यायचं आणि पुढच्या ताटाकडे सरकायचं.  पहिली सात-आठ ताटं मी वाया घालवली, म्हणजे माझ्या बाजूने, कारण त्यांची तर मजेत जेवली गेली. नंतर हळूहळू डोळा बसला. भाकरीवरचे तव्याचे डाग तेलाशिवायच किती सुंदर दिसतात, हे मला इतक्या वर्षांत दिसलंच नव्हतं.

"फोटो आला का माझा?" एखादे आजोबा डोळे उघडून विचारत.

"तुमचा नाही, ताटाचा."

"मंग जेवतो आता," म्हणून ते भाकरी मोडत.

तीन पंगती झाल्या. शेवटी घरचे बसले, निळ्या भिंतीला टेकून. अव्वा, सविता, गौरी. गौरीने आजीचं बघून छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि एक डोळा किलकिला करून हुग्गीकडे बघितलं. हाच तो मुख्य फोटो, हे मला तिथल्या तिथेच कळलं. उजवीकडे निळ्या भिंतीची आणि सारवलेल्या जमिनीची मोठी रिकामी जागा आपोआप सुटली होती, दुकानवाल्यांना अक्षरं टाकायला अगदी हवी तशी. मी खूश झाले. असा कोपरा जुळवायला एरवी घाम फुटतो.

सहा फोटो निवडून साडेपाचला गच्चीवरून पाठवले, कारण फोनला रेंज फक्त तिथेच येते. निघताना अव्वाने दोन अटी घातल्या. फोटोत तिचं नाव टाकायचं नाही, आणि गावाचं नाव लिहायचं नाही. "लोकं न सांगता येत्यात. आलं की जेवल्याबिगर पाठवता येत न्हाय." भाकऱ्यांची चळत आणि चटणीचा डबा मांडीवर ठेवल्यासारखा शेजारच्या सीटवर ठेवून, सीटबेल्ट लावून, मी सोमवारी पुण्याला आले. चादर राहिली ती राहिलीच.

सासूबाईंनी भाकरी कानाशी धरून मोडली आणि म्हणाल्या, "अगं, ही तर वाजते!" त्यानंतर चादरीचा विषय निघाला नाही.

दुकानाचं उत्तर बुधवारी आलं. फोटो आवडले, पण दोन फोटोंत बायकांचे हात फार दिसतात, ते काढता येतील का? मी तडजोडीला तयार झाले होते. सविताने परस्पर लिहून टाकलं, "हात काढले तर भाकरी कोण करणार?" तिथून पुन्हा कुणी काही बोललं नाही. तीन महिन्यांचा माल पक्का झाला.

आता घरी काय उरलं ते लिहायचं, तर मी काही साधूबिधू झालेले नाही. परवाच एका मसालेवालीच्या कामात लवंगा उधळल्या. पण नंतर एकेक वेचून बरणीत भरल्या, त्याला वीस मिनिटं लागली आणि ती बाई मला वेडी समजली असणार. ग्लिसरीन बंद केलंय. ताट धुऊन पिणं अजून रोज जमत नाही, पण ताटात टाकणं सुटलंय. मुलगा म्हणतो, आई, तुला सोलापूर बाधलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी सातला बेल वाजली. दारात तिशीतला एक माणूस, पाठीवर सॅक, एका हातात गुंडाळलेली गादी, दुसऱ्या हातात डबा. "मी मल्लिकार्जुन. सविताचा..." त्याला पुढचं बोलायला लाजल्यासारखं झालं. चाकणची खोली सोडून तो घरी निघाला होता. माझं घर सोलापूरच्या रस्त्यावरच, म्हणून अव्वाने धाडलेला चटणीचा डबा द्यायला मध्येच उतरला होता.

मी चहा टाकला. तो म्हणाला, दुकानात लावलेला मोठा फोटो बघायला मुद्दाम जाऊन आलो. पण त्यावर अक्षरं हायत, बिनअक्षराचा असला तर दाखवा. मी कॉम्प्युटरवर घरच्यांचा फोटो पूर्ण स्क्रीनभर उघडला. तो वाकून बघत राहिला. आईकडे, बायकोकडे, एक डोळा उघडा ठेवलेल्या पोरीकडे. मला वाटलं आता कौतुक करेल.

त्याने उजवीकडच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "हितं मी बसतो."



"पोरगी बघा की, आईला चिकटून बसलीय. एवडी जागा सोडूनच बसती ती. कुणी सांगितलं न्हाय तिला."

चहा ओतेपर्यंत तो उभाच होता. बसा म्हटलं तर घड्याळ बघून म्हणाला, नको ताई, साडेसाताची गाडी गावली तर दोनला घरी पोचतो, आज रविवार हाय, जेवायचे थांबत्यात. दोन घोटांत चहा संपवला, कप आत नेऊन विसळून ठेवला, गादी खांद्यावर टाकली आणि जिना उतरून गेला.